सारजाचं हाड आणि मी

मी एक जुनी सुई आहे. सुई म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं शर्टाची बटणं लावणारी किंवा दंडात टोचणारी सुई आली असेल, तर मित्रांनो, ती आधी बाजूला सारा. त्या माझ्या लांबच्या नातेवाईक, आणि त्यांच्याशी माझं फारसं पटत नाही. मी जाड आहे, पोलादी आहे आणि माझं काम हाडात शिरण्याचं आहे. माझ्या पोटात एक बारीक सळई बसते. माणसाच्या कंबरेच्या हाडात मला गोल गोल फिरवत रोवतात, मग सळई काढून घेतात, मागं सिरिंज लावतात आणि हाडाच्या आतला लाल मगज ओढून बाहेर घेतात. डॉक्टर लोक त्याला मज्जा म्हणतात.

हल्ली माझा मुक्काम बारामतीतल्या एका दवाखान्याच्या नव्या इमारतीत, काचेच्या कपाटात असतो. खाली निळी मखमल, शेजारी दोन सन्मानचिन्हं आणि पुढं पाटी, 'आमच्या मूळपेशी उपचारांची सुरुवात'. येणारी माणसं वाकून बघतात, केवढी जाड आहे म्हणतात आणि आपला नंबर लागला का ते बघायला जातात. ती पाटी उलटी दिसत असली तरी मला वाचता येते, आणि वाचली की अंगाचा तिळपापड होतो. ही सुरुवात कशी झाली ते पाटी लिहिणाऱ्याने मला विचारलं नाही. तुम्ही तरी विचारलंत असं समजून मी सांगते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तापवलं, ओढलं, घासलं, टोकाला तिरपी धार दिली, आणि माझ्यासारख्याच इतर सुयांबरोबर एका खोक्यात टाकलं. कुणी जीव लावला नाही, कुणी निरोप दिला नाही. तिथून मी पुण्याच्या एका दुकानात आले आणि दुकानातून बारामतीच्या रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत. ही गोष्ट नव्वद-एक्क्याण्णव सालची असेल.

प्रयोगशाळेतली ती वर्षं मला आठवायला नको वाटतात. तिथं मला कामाला लावायचे ते कुणाचं तरी रक्त फारच बिघडलं असेल तेव्हा. पांढरीफटक पडलेली लेकरं आणायचे. मी त्यांच्या हाडातून थेंबभर मगज काढून द्यायचा, तो काचेवर पसरायचा, आणि मग बाहेर बाकावर बसलेल्या आईबापांना आत बोलवायचं. मी काढलेल्या मगजाने कुणाला बरं केल्याचं मला आठवत नाही. बातमी तेवढी कळायची, आणि बातमी बहुतेक वाईटच असायची. आयांनी माझ्याकडं ज्या नजरेने बघितलं ती नजर मी कुणाच्या वाट्याला यावी असं म्हणणार नाही.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर डॉक्टर विजयसिंह यांचा हाडांचा दवाखाना होता. खाटा मोजक्याच, पण गर्दी दांडगी. तेव्हा ते तरुण होते, हात हलका होता, आणि वाचनाचा नाद होता. परदेशातली मासिकं मागवायचे. एकदा ते खाली प्रयोगशाळेत आले आणि मला उचलून उजेडात धरून म्हणाले, "ही मला द्या. हिचं खरं काम वेगळंच आहे."

खरं काम म्हणजे काय, ते त्यांनी वर गेल्यावर फुलाबाईंना सांगितलं. फुलाबाई म्हणजे त्यांच्या दवाखान्यातल्या मावशी. हत्यारं धुणं, उकळणं, वाफेच्या डब्यात लावणं हे सगळं त्यांच्याकडं. डॉक्टर म्हणाले, "मावशी, मोडलेली काही हाडं जुळतच नाहीत. प्लास्टर घाला, सळई घाला, मधे फट राहते ती राहतेच. पण कंबरेच्या हाडातल्या मगजात अशा काही पेशी असतात, की त्यांच्यापासून नवीन हाड तयार होतं. तो मगज काढायचा आणि लगेच त्या फटीत सोडायचा. त्याच माणसाचा, त्याच माणसाला." फुलाबाई मला चोळून धूत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी बी पेरायचं की." डॉक्टरांना ते इतकं आवडलं की पुढं ते सगळ्यांना तसंच सांगायला लागले.

मित्रांनो, मला तेव्हा काय वाटलं असेल याची कल्पना करा. इतकी वर्षं मी काढून आणलेलं सगळं काचेवर वाळून गेलं होतं. आता मी काढलेलं परत त्याच माणसाच्या अंगात जाणार होतं, आणि तिथं त्याचं हाड होणार होतं. मला हरखून जायला झालं. आज मूळपेशी, मूळपेशी म्हणून जो गाजावाजा चालतो, त्यातला एकही शब्द तेव्हा आमच्या दवाखान्यात कुणाच्या तोंडी नव्हता. आम्ही आपलं मगज म्हणायचो.

पहिली आली सारजा.

सारजा जळोचीची. तिशीच्या आतली, सडपातळ, बोलायला फटकळ. घरचं काम मेंढरांचं. तिचा सासरा तात्याबा आणि नवरा म्हस्कू दरसाल दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. मेंढरं, घोडी, कुत्री, बायकापोरं असा जो सगळा लवाजमा चालतो त्याला ते लोक वाडा म्हणतात. वाडा रोज हलतो. बायकांनी घोड्यावर संसार लादायचा, पुढं चालत जायचं, नव्या जागी चूल मांडायची, आणि उद्या परत उचलायचं. ज्या बाईला चालता येत नाही तिला वाड्यात जागा नसते. हा कुणाचा दुष्टपणा नाही, चालण्याचंच ते काम आहे.

आदल्या दिवाळीच्या तोंडावर, वाडा निघायच्या आधी, कोऱ्हाळ्याच्या एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती. रस्त्यावर उसाची ट्रॉली मागं येताना सारजाचा पाय चाक आणि रस्त्याकडेच्या मोरीचा दगड यांच्यात सापडला. नडगीचं हाड मोडलं. एका ठिकाणी प्लास्टर झालं, ते काढलं, दुसरीकडं झालं, तेही काढलं. जखम भरली, पण हाड काही जुळेना. आमच्याकडं आली तेव्हा तिची नडगी मधेच वाकायची. गुडघ्याखाली आणखी एक गुडघा असल्यासारखा पाय लटपटायचा. एक हंगाम वाडा तिला मागं ठेवून गेला होता. म्हस्कूची भाकरी त्याच्या भावजयीने थापली होती, आणि सारजा जळोचीत एकटी, शेजारणीने आणून दिलेलं खात बसली होती.

ती डॉक्टरांना म्हणाली, "ह्ये बगा, मला पाय सरळ न्हाय झाला तरी चालंल. वाकडा ऱ्हाऊ द्या. पण दिवाळीमागनं वाड्यासंगं चालत जायचंय मला. परत त्या घरात एकली न्हाय बसायची म्या."

श्रावण चालू होता. डॉक्टर म्हणाले, "दिवाळीचं वचन देत नाही. पण पाय जुळवायचा प्रयत्न करू."

तात्याबा सोबत होते. म्हातारा मोठा करारी. मेंढरांची मोडलेली तंगडी बसवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मेंढीचा पाय मोडला की चार कामट्या लावायच्या, वर सुताडा, म्हणजे जाड दोरा, गुंडाळायचा आणि हाडावर बोटाला गाठ लागली की सोडून द्यायचं. डॉक्टरांनी बी पेरण्याची गोष्ट सांगितली तेव्हा ते लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, "दुसऱ्या कुणाचं न्हाय ना? तिचंच तिला?" डॉक्टर म्हणाले, "तिचंच, तात्या." म्हातारा म्हणाला, "मग घाला."

त्या दिवसाचं मला अजून सगळं आठवतं. फुलाबाईंनी सकाळी माझं टोक दगडावर हलक्या हाताने घासलं, मला वाफ दिली. सारजा पालथी निजली. कंबरेला भूल दिली. डॉक्टरांनी मला हाडावर टेकवलं आणि फिरवायला लागले. मेंढरामागं आयुष्य काढलेल्या बाईचं हाड, मित्रांनो, ते कडक होतं. मला घाम फुटायचा बाकी राहिला. मग एकदम वाट मिळाली, मी आत पोचले. सळई काढली, सिरिंज लावली, डॉक्टरांनी दट्ट्या ओढला. मगज ओढताना जी कळ येते तिला भूल लागू पडत नाही. सारजाने उशीची खोळ दातात धरली, पण हलली नाही.

मगज आला. दाट, लाल, वर चरबीचे बारीक चमचमते थेंब. एकाच जागेतून जास्त ओढलं तर नुसतं रक्त येतं, म्हणून थोडं इथून, थोडं तिथून असं घेतलं. मग तिला उताणी केली आणि गोठायच्या आत तो मगज नडगीच्या फटीत सोडला. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर चढलं. सारजा फुलाबाईंना म्हणाली, "मावशी, आमी मटनाची नळी दगडावं आपटून मगज काडतो, तसंच केलं की वो माजं." आणि हसली. त्या हसण्यावर मी भाळले, हे मी आज उघड सांगते.

दसऱ्याच्या आसपास ती एक्स-रे काढायला आली. ओल्या फिल्मवरून पाणी निथळत असतानाच डॉक्टरांनी ती उजेडाला धरली. जिथं काळी फट होती तिथं पांढुरकी गाठ आली होती. साखर विरघळताना पाण्यात दिसते तशी, कडा नसलेली, पण होती. डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी तात्याबांना जवळ बोलावून बोटाने दाखवलं, "ही बघा तात्या, ही गाठ. हे सगळं नवीन हाड आहे. सुईने काम केलं." तात्याबांनी फिल्म हातात घेतली. म्हातारा ती इतका वेळ बघत राहिला की फुलाबाईंना ती मागून घ्यावी लागली. मग त्यांनी विचारलं, "आता किती दिस?"

"गाठ अजून कच्ची आहे. आणखी तीन महिने प्लास्टर. पाय टेकवायचा नाही. संक्रांत झाली की बघू."

संक्रांतीपर्यंत वाडा कोकणात पोचून उतारावर चरत असणार, हे तात्याबांना कळत होतं, सारजाला कळत होतं. डॉक्टरांनाही कळायला हवं होतं, कारण ती बाई त्यांना श्रावणापासून तेच सांगत आली होती. पण ते फिल्म परत परत उजेडाला धरत होते. एरवी फटकळ असणारी बाई गप्प बसली, तर माणसाने विचारावं की काय झालं. कुणी विचारलं नाही.

दिवाळीनंतर पुण्यात हाडांच्या डॉक्टरांची परिषद होती. डॉक्टरांनी सारजाच्या दोन्ही एक्स-रेंच्या स्लाइड करून घेतल्या, मला एका दागिन्याच्या डबीत घातलं आणि निघाले. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला मिरवायला आवडलं. मोठा थंडगार हॉल, पडद्यावर सारजाची नडगी, आधीची आणि नंतरची. डॉक्टरांनी मला उंच धरलं. ते म्हणाले, "तालुक्याच्या ठिकाणी, या साध्या सुईने." टाळ्या झाल्या. मग एका वयस्क डॉक्टरांनी उठून विचारलं, "पेशंट चालते का?" आमचे डॉक्टर म्हणाले, "या वर्षी ती मेंढरांबरोबर कोकणात चालत जाते आहे." पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा जोरात.

त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांच्या मते ती जळोचीत प्लास्टर घालून खाटेवर होती. त्यांच्या तोंडून ते का निघालं, मला सांगता येणार नाही. टाळ्यांची चटक लागली असेल. पण गंमत बघा, थट्टा म्हणा हवं तर, ते खरंच होतं. सारजा खरोखरच त्या वेळी चालत होती.

हे मला नंतर कळलं, तात्याबांनीच सांगितलं तेव्हा. वाडा हलायच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्याने लोकर कातरायची कातर घेतली आणि सुनेचं प्लास्टर वरपासून खालपर्यंत कापून काढलं. नडगीवर बोट फिरवलं. गाठ होती, हाताला लागत होती, फिल्ममध्ये दिसली होती तिथंच. अशी गाठ लागली की मेंढीला सोडायचं, आणि सोडलं नाही तर पाय वाळतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. ते सारजाला म्हणाले, "धरलंय. डॉक्टर शेरातला माणूस, भ्याचाच. ऊट, चल." सारजाला तरी दुसरं काय हवं होतं. ती उठली, काठी घेतली आणि वाड्याबरोबर निघाली.

म्हाताऱ्याचा हात चुकला नव्हता. गाठ खरीच होती. पण मेंढीने एक पाय टेकवला नाही तरी तिला बाकीचे तीन असतात, मित्रांनो. कामट्या सोडल्यावरही ती कितीतरी दिवस तो पाय नुसता अधांतरी धरून चालते. आणि मेंढीच्या डोक्यावर भांड्यांचं ओझं नसतं. एवढी साधी गोष्ट आयुष्य मेंढरांत गेलेल्या माणसाच्या ध्यानात आली नाही, आणि ज्याने ती समजावून सांगायची तो पुण्यात टाळ्या घेत होता. मी दोघांवरही तितकीच चिडले होते, आणि अजून आहे.

भोरच्या अलीकडं एका ओढ्यात तिचा पाय घसरला आणि ती पडली. डोक्यावर पातेली, बगलेत त्याच दिवशी जन्मलेलं कोकरू. म्हस्कूने तिला पाठीवर घेऊन रस्त्याला आणली आणि तिथून एका टेम्पोत घालून सासऱ्याबरोबर परत पाठवली. तो स्वतः मेंढरांमागं गेला. मेंढरं थांबत नाहीत.

आम्ही पुण्याहून परतलो त्याच सकाळी ती दवाखान्याच्या बाकावर होती. डॉक्टर डबी हातात घेऊनच जिना चढले. त्यांनी बाकावरचा उघडा पाय पाहिला आणि त्यांचा चेहराच पडला. एक्स-रे काढला. गाठ मधोमध तडकली होती आणि हाडाची टोकं एकमेकांपासून सरकली होती.

"प्लास्टर कुणी काढलं?" त्यांनी विचारलं.

सारजा म्हणाली, "म्याच काडलं."

"तिनं न्हाय," तात्याबा म्हणाले. "म्या काडलं. कातरीनं. जे काय बोलायचं ते मला बोला."

डॉक्टर बोलले. बरंच बोलले. माझ्या कामाची माती केलीत, म्हणाले. इतक्या मेहनतीने जुळवलेलं हाड, म्हणाले. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. सगळं बोलून झाल्यावर सारजा म्हणाली, "झालं ते झालं, डॉक्टर. आता परत घाला. मगज हाय की अजून माज्यात. ह्या बारीला म्या जागची हलणार न्हाय, तुमी म्हणाल तवर."

खरं सांगते, मी डबीत ताठ झाले होते. माझी तयारी होती. त्या बाईचं हाड मला ठाऊक होतं, कुठं कडक आहे, कुठं वाट मिळते ते. आणि पहिल्या खेपेला जे उगवलं ते दुसऱ्या खेपेला उगवलंच नसतं, असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. डॉक्टरांनाही हे माहीत होतं. त्यांनी एक्स-रे पाकिटात घातला आणि ते म्हणाले, "आता इथं होण्यासारखं नाही. पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या."

सगळे गेल्यावर फुलाबाईंनी विचारलं, "न्हाय का हुनार खरंच?" डॉक्टर म्हणाले, "मावशी, काल मी पाचशे माणसांसमोर सांगून आलोय की ती चालते." फुलाबाई मला पुसत होत्या. त्यांचा हात थांबला, मग परत चालू झाला. त्यांना घर चालवायचं होतं. पुण्याला सारजाला कुणी नेलं नाही. नेणारा नवरा कोकणात होता आणि म्हाताऱ्याला पुण्यातलं काही माहीत नव्हतं.

त्यानंतर दवाखाना वाढत गेला. माझ्याकडून पुष्कळ काम झालं, आणि सगळंच वाया गेलं असं नाही. लोणी देवकरकडच्या कारखान्यातल्या एका कामगाराची मांडी जुळली, तो परत कामावर गेला. काही जणांची जुळली नाही. पण डॉक्टर जिथं जातील तिथं स्लाइड दाखवायचे ती सारजाचीच. कामगाराचा एक्स-रे काळपट आला होता, आणि माणूस कारखान्यात परत कामाला लागला यात कुणी टाळ्या वाजवत नाही. मेंढरांमागं घाट उतरणारी बाई ऐकायला बरी वाटते. फक्त एक बदल त्यांनी केला. कुणी जळोचीला जाऊन चौकशी करायला नको, म्हणून ते 'इंदापूरकडची एक बाई' असं म्हणायला लागले. सांगून सांगून ते इतकं गुळगुळीत झालं की त्यांना स्वतःलाही ते खरं वाटत असावं.

दसऱ्याचा तो एक्स-रे त्यांनी मोठा करून चौकटीत बसवला आणि आपल्या खुर्चीमागं लावला. कोपऱ्यातलं नाव कापून टाकलं. मी त्यांच्या टेबलावर उघड्या डबीत असायचे. तोवर वापरून फेकायच्या सुया आल्या होत्या, माझं टोक बोथट झालं होतं, आणि घासायला फुलाबाईंना वेळ नव्हता. पेशंटला विश्वास वाटावा एवढ्यासाठी मला ठेवलेलं.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात सारजा परत आली. कुबडी घेऊन. नडगी आता धनुष्यासारखी वाकली होती आणि केस कानावर पांढरे झाले होते. मागं तात्याबा. म्हातारा फार थकला होता, दाराची चौकट धरून आत आला. म्हस्कूने मेंढरं विकून लोणी देवकरला रखवालदारी धरली होती आणि तिकडंच दुसरं घर मांडलं होतं, हे ती डॉक्टरांना सांगून मोकळी झाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, माहिती देतात तसं सांगितलं.

मग ती पुढं वाकून म्हणाली, "डॉक्टर, बाजारात बाया बोलत्यात. म्हंत्यात, इंदापूरकडची कोन आपल्यातलीच बाई हाय. तिची नडगी माज्यावानीच मोडल्याली. तुमी सुईनं मगज घातला आन् ती मेंढरामागं कोकनात गेली चालत. माजं तवा बिघडलं, ती चूक आमचीच. पर तिला जसं घातलं तसं मला एकदा घालून बगा की."

डॉक्टरांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि परत ठेवला.

सारजाची नजर त्यांच्या खुर्चीमागं गेली. "हीच का ती?" तिने विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली की नाही, ते मला टेबलावरून नीट दिसलं नाही. ती उठली, कुबडी टेकत भिंतीजवळ गेली आणि चौकटीतली गाठ जवळून बघितली. कौतुकाने बघितली. "ह्ये बगा तात्या," ती म्हणाली, "कसं भरलंय."

तात्याबा बघतच होते. दसऱ्याला त्यांनी हीच फिल्म हातात धरून कितीतरी वेळ पाहिली होती, आणि ही गाठ त्यांनी स्वतःच्या बोटांनी चाचपली होती. कळपातली मेंढी पाठमोरी असली तरी ओळखणारा माणूस तो. त्यांचे ओठ हलले. त्यांनी डॉक्टरांकडं पाहिलं, डॉक्टरांनी त्यांच्याकडं. मी दोघांच्या मधे होते, टेबलावर, म्हणून सांगते, दोघांनाही कळलं की दुसऱ्याला कळलंय. डॉक्टर बोलले असते तर पाचशे माणसांपुढं बोललेलं उघडं पडलं असतं. म्हातारा बोलला असता तर त्याला सुनेला सांगावं लागलं असतं, की ती नशीबवान बाई तूच, आणि तुझं नशीब मी कातरीने कापलं.

दोघंही गप्प बसले.

"नशिबाची बाई," सारजा म्हणाली. "चालत आसंल कुटं तरी."

"चल, सारजा," तात्याबा म्हणाले. डॉक्टर घाईघाईने म्हणाले की त्या बाईचं हाड वेगळं होतं, सगळ्यांचं सारखं नसतं. सारजाने ते समजल्यासारखी मान हलवली, पदर डोक्यावर घेतला, आणि दोघं जिना उतरून गेली. कुबडीचा आवाज खालच्या दारापर्यंत येत होता.

मित्रांनो, आता माझी विनवणी. मला पुसू नका, माझ्यावर धूळ बसली तरी माझं काही बिघडत नाही. मगजाला नावं ठेवू नका, त्याने आपलं काम केलं होतं. पण कुणी तुम्हाला जुळलेल्या हाडाचा फोटो दाखवला आणि टाळ्या वाजवायला सांगितलं, तर हात जरा आवरून धरा. ते हाड ज्याचं आहे त्याला बोलवा म्हणावं, आणि आमच्यासमोर चार पावलं चालून दाखवायला सांगा.

सारजाला कुणी बोलावलंच नाही. ती स्वतःच आली होती, स्वतःच्याच हाडासमोर उभी राहिली होती, आणि ते दुसऱ्याच बाईचं समजून त्या बाईला नशीबवान म्हणून गेली.